रद्द की ठीक आहे

कान्हे गावची सारिका पुण्यातल्या एका कंपनीत कामाला होती. लोकांच्या हातात नवं ॲप द्यायचं आणि ते कुठे अडतात ते बघायचं, एवढंच तिचं काम. सुरुवातीला तिला त्याचं फार अप्रूप होतं. पुढे ॲप बनवणाऱ्यांची तिला कीव येणंही बंद झालं. जत्रेतल्या भिंगरीवाल्याची भिंगरी निदान फिरते, असं ती घरी म्हणायची.

लोणावळ्यातल्या एका खासगी दवाखान्याचं नंबर लावायचं ॲप तपासायला आलं. ते अमृतने बनवलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी वापरून बघायचं ठरलं, तेव्हा त्याने आपल्या सोसायटीतले निवृत्त इंजिनियर सुचवले. सारिकाने भाजे गावाहून आपल्या आत्याला, भामाबाईंना, आणलं.

भामाबाईंनी डोळ्यांचा डॉक्टर निवडला, वार निवडला. तेवढ्यात बोट कुठेतरी लागलं आणि प्रश्न उमटला, ‘भेट रद्द करायची आहे का?’ खाली दोन बटणं होती : ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. दोन्ही वाचून भेट रद्दच होईल असं वाटे; साधं ‘नको’ म्हणायला जागाच नव्हती. आत्या बराच वेळ अडखळली, मग तिने ‘ठीक आहे’ दाबलं. लावलेला नंबर गेला.

कसं वाटलं विचारल्यावर, भाचीची नोकरी आहे म्हणून आत्या म्हणाली, “छान हाय.” अमृतने तेवढंच टिपून घेतलं. नंबर रद्द झाल्याचं सारिकाने दाखवलं, तर तो म्हणाला, “त्यांना थोडं शिकवावं लागेल. स्क्रीन तर किती स्वच्छ आहे.”

“कोरी पाटीही स्वच्छच असते,” सारिका म्हणाली.

‘वापरायला सोपं’ या अहवालावर तिने सही केली नाही. मग दुसऱ्या कुणीतरी केली. अमृतसाठी टाळ्या वाजल्या, केक कापला गेला. सारिकाने केक घेतला नाही. तिला सणांच्या शुभेच्छा पाठवायच्या ॲपवर बसवलं.

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात माणसं येऊन नंबर नाही म्हणून परत जाऊ लागली. दोन शब्द बदलायचे सोडून दवाखान्याने दारात खुर्ची टाकून एक मुलगी नेमली. सगळ्यांच्या फोनवरची बटणं दाबायला!

सारिका आत्याला घेऊन तिथे गेली. त्या मुलीने, कोमलने, पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “आजी, एकदम सोपं आहे.”

“सोपं हाय ना? मग तूच दाब,” म्हणत आत्याने फोन तिच्या पुढ्यात ठेवला.

कोमलने इकडेतिकडे पाहिलं. एकही बटण न दाबता फोन परत दिला आणि आत हाक मारून भामाबाईंचा नंबर लावला.