गार वांगं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सगळं सांगतो असा आपला समज आहे — तिचाही आहे. पण हे नाही.

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या होस्टेलची एक परंपरा होती. हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी व्हायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि नव्या पोरांनी ती निखाऱ्यातून नुसत्या हातांनी उचलायची, देठापर्यंत सोलायची. तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. जमलं तर तू आमचा. नाही जमलं तर वर्षभर तुला 'पाहुणे' म्हणायचे.

आता आम्ही पोट सुटलेले लोक जुन्या पोरांच्या मेळाव्याला जळगावला जमतो, तेव्हा प्रत्येकाला त्या चटक्यांनी घडवलेलं असतं. हल्लीच्या पोरांना सोसवत नाही म्हणे. मीही माइक धरून हे बोललोय, टाळ्या घेतल्यात. पण खरं सांगू? जो जास्त तावातावाने बोलतो त्याचा मला संशय येतो. मी गुपचूप त्याच्या तळहातांकडे बघतो. का बघतो?

कारण मी उचललेलं वांगं गार होतं.

शिरपूरचा एक सिनियर माझ्या मावसभावाचा दोस्त. त्याने एक वांगं आधीच भाजून बाजूला ठेवलं होतं — वरून काळं, आतून गार. माझी पाळी आली तसं त्याने ते काठीने माझ्यापुढे सरकवलं. मी डोळे मिटले, ओठ चावले, झकास नाटक केलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मला लाज वाटली नाही, उलट मजा वाटली.

एवढंच असतं तर एव्हाना हसून सांगून टाकलं असतं.

पुढच्या वर्षी नव्या पोरांना उभं करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांत रमण होता. साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातला, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. तो घाबरला होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच भाजत नाही का? आणि मी — मी म्हणालो, मागच्या वर्षी मी उचललं, काही होत नाही.

त्याने उचललं. साल फाटली तशी आतली वाफ त्याच्या बोटांवर आली. त्याने वांगं सोडलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. सोड म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी मान हलवली, सोलत राहा.

बोटांची कातडी निघाली. रेक्टरांना मी सांगितलं, तोल जाऊन जाळात हात गेला. त्यानेही तेच सांगितलं, मला वाचवायला. प्रॅक्टिकलला त्याला चिमटाही धरता आला नाही. वर्ष गेलं.

मागच्या महिन्यात तो धुळ्यात भेटला. साक्रीला त्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने मला मिठीच मारली. उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तीच दाखवत शेजारी उभ्या आपल्या मुलाला अभिमानाने म्हणाला, "ह्याच त्या भाऊ. यास्नी उचलं व्हतं, म्हणीसन मीबी उचलं. तवयपाईन मनी भीतीच गयी."

त्याची भीती खरंच गेली असेल? गेली असेलही. मग परंपरा खरी ठरते, की माझं खोटं? की त्याने त्या दोन बोटांसाठी एक कारण शोधून ठेवलंय? मला ठरवता येत नाही. आणि ठरवणारा मी कोण?

मुलगा पुढच्या वर्षी आमच्याच होस्टेलला जाणार आहे. रमण त्याला म्हणाला, भाऊंच्या पाया पड.

तो वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.