अण्णांना ऐकू न आलेला आवाज

वेंकोबा अण्णा आज सकाळी वारले. तांबरमला, मुलीच्या घरी. नव्वदी कधीच ओलांडली होती.

कोच म्हणून त्यांच्या पहिल्या मोसमात आम्ही अकरा जण मैदानावर दुसऱ्याच माणसाचं ऐकत होतो.

तो माणूस मैदानावर नव्हता. देशातही नव्हता.

अण्णा होते तोवर हे कुठे लिहावंसं वाटलं नाही. आज नातीला सांगतोय, ती टाईप करतेय.

साठच्या दशकाची सुरुवात. मद्रास. पेरांबूरकडच्या एका कारखान्याची फुटबॉल टीम. कागदावर आम्ही फिटर आणि टर्नर, पगार मात्र खेळण्याचा. मी गोलकीपर, वय बावीस.

कोच पीटर मास्टर. अँग्लो-इंडियन. अठरा वर्षं टीम त्यांची. ओरडले की रस्त्यावरचे सायकलवाले ब्रेक लावायचे.

मग त्यांनी ठरवलं, मुलाकडे ऑस्ट्रेलियाला जायचं. कायमचं.

एग्मोर स्टेशनवर सगळे पोचवायला गेलो. बोट मेल गाडीने धनुष्कोडी, पुढे कोलंबो, तिथून जहाज. त्यांचे असिस्टंट होते आमचे अण्णा. पस्तिशीचे, हळू बोलणारे.

मास्टर खिडकीतून म्हणाले, "आता ही पोरं तुझी, वेंकी."

अण्णांनी नुसती मान हलवली.

पहिलीच मॅच. आम्ही एका गोलने पुढे. अचानक आमची मधली फळी धावत मागे आली. पुढच्याच क्षणी समोरच्यांचा हल्ला आला आणि तिथेच अडला. जिंकलो.

अण्णांनी विचारलं, "मागे या असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच, सार," कॅप्टन सेल्वराज म्हणाला. मग त्याने डाव्या कडेकडे वळून बघितलं. "नाही. मास्टर म्हणाले."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. मैदानाच्या डाव्या कडेवरून, टचलाइनवरून. मीसुद्धा.

अण्णा म्हणाले, "मी तिथेच उभा होतो. मला काही ऐकू आलं नाही."

मग प्रत्येक मॅचला तेच. प्रॅक्टिसला कधीच नाही, फक्त मॅचला. अण्णा सांगायचे एक, आमचे पाय जायचे दुसरीकडे. आणि आम्ही जिंकत होतो! पेपरात नव्या कोचचं कौतुक यायचं. अण्णा दिवसेंदिवस वाळत चालले होते.

मास्टर जहाजावरच वारले असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. अण्णांनी पत्र टाकलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मास्टर ठणठणीत. बागेत टोमॅटो लावलेत म्हणे. फुटबॉलचा एक शब्द नाही.

टीममध्ये घरी मराठी बोलणारे अण्णा आणि मी, दोघेच, मूळचे तंजावरकडचे. म्हणून मनातलं ते माझ्याशी बोलत.

"मेलेला असता तर काही शांत केली असती रे," अण्णा म्हणाले. "जिवंत माणसाचं काय करू?"

फायनलच्या दिवशी मॅनेजरनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, हरलात तर कलकत्त्याहून कोच आणणार.

ड्रेसिंग रूममध्ये अण्णा म्हणाले, "आज ज्याला मास्टर ऐकू येतील, त्याने हात वर करायचा. आणि मग मी सांगतो ते करा."

"हरलो तर, सार?"

"हरू."

शेवटची दहा मिनिटं. एक-एक बरोबरी. बॉल बाहेर गेला होता, थ्रो आमचा. अण्णा जन्मात पहिल्यांदा ओरडले, "पुढे! सगळे पुढे!"

सेल्वराजचा हात वर गेला.

मग फुल-बॅकचा. मग एकेक करत दहाही जणांचा. भर उन्हात दहा माणसं हात वर करून उभी. रेफ्री नुसता बघत राहिला.

आणि माझ्या गोलच्या जाळीमागून, अगदी कानाशी, मास्टरांचा आवाज आला.

"मागेच थांब रे, पोरा."

मराठीत.

मास्टरांना मराठीचा एक शब्द येत नव्हता.

मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. मी हात वर केला. आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे गोल सोडून पुढे गेलो.

आमचा पास चुकला. त्यांच्या सेंटर फॉरवर्डने लांबून किक मारली. बॉल माझ्या डोक्यावरून गेला, दोन टप्पे पडले, रिकाम्या गोलमध्ये शिरला.

हरलो.

मी रडत होतो. अण्णा शेजारी येऊन बसले. "रडू नको. ही मॅच मी हरलो. मी." वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण मॅनेजरच्या दारात उभे राहिलो. अण्णा जाणार असतील तर आम्हीही जातो.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

सेल्वराज म्हणाला, "कुणी नाही, सार. आम्हीच आलो."

अण्णा राहिले. तो आवाज परत कधी आला नाही. पुढे बरीच वर्षं टीम त्यांची होती, आणि मग त्यांनी ती माझ्या हाती दिली.

त्यानंतर ते ग्राउंडवर आले नाहीत. एकदाही. मी दर मोसमात तांबरमला जाऊन बोलवायचो. ते कॉफी पुढे करायचे आणि विषय बदलायचे. मला राग यायचा. वाटायचं, माझं कोचिंग त्यांना आवडत नसेल.

आज त्यांच्या मुलीने सांगितलं. तुमची मॅच असली की बाबा तेवढा वेळ तोंडातून शब्द काढत नसत. पाणीसुद्धा खुणेने मागायचे. आम्हाला वाटायचं, काहीतरी व्रत आहे.

मी रिटायर झाल्याचं कळलं तरी टीमच्या मॅचला त्यांनी ते मौन सोडलं नाही.

नमस्कार करतो, अण्णा. सुखाने जा.

आता बोललात तरी चालेल.