सुरीने तोडलेली पट्टी

धाकटा म्हणजे शिकलेलं येडं, हे थोरल्याचं ठाम मत. घरी व्हिडिओ कॅसेटवर भरलेले टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर घेऊन कॉम्प्युटरवर जाहिराती छाटायच्या, हा धाकट्याचा उद्योग. आज आईच्या गाण्याची कॅसेट होती. आई टीव्हीवर एकदाच गायली, आणि आता ती नाही.

धाकट्याने तोऱ्यात रेकॉर्डचं बटण दाबलं, पण कॉम्प्युटरचं सोडून व्हिडिओ मशीनचं! आईचा आवाजच पुसायला निघाला शहाणा. पण मशीनने कॅसेट बाहेर थुंकली.

"दादा, मशीन बिघडलं."

"मशीन नाही, तुझं डोकं! कॅसेटच्या मागची प्लास्टिकची पट्टी मी गाणं भरलं तेव्हाच सुरीने तोडलीय. ती नसली की वर दुसरं भरता येत नाही. सातवी नापास आहे मी, कळलं?"

धाकटा उठला. "दादा, बटण तूच दाब."