जुळे सोलापुरातला बर्फरोधक डेक

आमच्या घरापुढचा डेक बर्फाला अजिबात दाद देत नाही. उणे चाळीस अंशांत त्याला तडा जात नाही, त्यात पाणी मुरत नाही, वाळवी लागत नाही आणि फावड्याने बर्फ ओढला तरी ओरखडा उठत नाही. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. इथे बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, हा काही डेकचा दोष नाही.

डेक म्हणजे घराबाहेरचा फळ्यांचा ओटा. आमच्या फळ्या लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या आहेत. दिसायला सागवान, स्वभावाने बादली.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या आईमुळे. तिला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा भवानी पेठेतल्या घरी एकटी राहायची. तिथला जिना इतका उभा आहे की चढताना नाक पुढच्या पायरीला लागतं. एकदा ती त्यावरून घसरली, मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. मी तिला घरी आणलं. येण्याआधीच कपाटातला एक खण रिकामा केला होता, कागद अंथरला होता, डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. (मी याद्या करते. यादीतलं काम झालं की काट मारते. माझा नवरा म्हणतो, आमच्या लग्नावरही मी अशीच काट मारली असणार.)

अव्वाने खण पाहिला, बरा आहे म्हणाली आणि कपड्यांची नायलॉनची पिशवी तशीच्या तशी दारामागच्या खुंटीला अडकवली. त्या पिशवीची मला धास्ती बसली. ती खुंटीवरून अव्वाच्या हातात आली की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "रिक्षा बोलाव."

"इथं काय कमी आहे, अव्वा?"

"कमी काय बी न्हाई. पण हितं बसायचं कुटं?"

मी सोफा दाखवला.

"त्याच्यावर पाव्हणे बसत्यात," अव्वा म्हणाली.

तिचं खरं होतं. भवानी पेठेत तिच्या दाराला कट्टा आहे. संध्याकाळी ती तिथे टेकली की तासाभरात सगळी पेठ तिच्यासमोरून जाते, आणि जाता जाता आपापली बातमी देऊन जाते. आमच्या दाराबाहेर दोन उंच पायऱ्या, त्यांच्या खाली उखडलेल्या शहाबादी फरश्या आणि फरश्यांच्या फटीत गवत. तिथे अव्वाला पाठवणं म्हणजे दुसऱ्या मनगटाची सोय करणं. म्हणून ती दिवसभर आत बसून बंद टीव्हीकडे बघायची. चार दिवसांनी पिशवी हातात. मी पुन्हा जाऊन आणायची, ती पुन्हा निघायची. माझ्या यादीत "अव्वाने इथे राहणे" हे एकच काम असं होतं, ज्यावर काट बसत नव्हती.

इथे माझा धाकटा भाऊ बसू कामाला आला. तो कॅनडात असतो. व्हिडिओ कॉलवर त्याने फोन फिरवून मागच्या दारचा डेक दाखवला, म्हणजे बर्फ दाखवला आणि डेक त्याच्याखाली आहे असं सांगितलं. "अक्का, पॉलिश नाही, रंग नाही, काही नाही. झाडलं की झालं."

झाडलं की झालं! एवढं गोड वाक्य मला लग्नाआधीही कुणी बोललं नव्हतं.

मी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून माहितीपत्रक मागवलं. सडणे नाही, फुगणे नाही, बर्फाने भेगाळणे नाही. मी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. अधिक चाळीस अंशांत काय होतं याबद्दल पत्रक गप्प होतं, आणि जे लिहिलेलंच नाही त्यापुढे खूण तरी कुठे करणार? मग रंगाचा प्रश्न आला. फिका राखाडी, वाळूसारखा पिवळट आणि गडद तपकिरी. मी गडद तपकिरी घेतला. कारण तो मळखाऊ. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू मळखाऊ आहे: पडदे, सोफा, नवऱ्याच्या विजारी. बसू म्हणाला, "आम्हीही गडदच घेतला. ऊन पटकन खेचतो, त्यामुळे बर्फ लवकर वितळतो." हे वाक्य मी ऐकलं. वर मानही डोलावली.

जानेवारीत डेक बसला. उंबऱ्याच्या बरोबरीने सपाट, एकही पायरी नाही, कडेला धरायला कठडा. अव्वा अनवाणी पायाने त्यावर चालली, मधोमध बसली, पाय पसरले आणि सकाळच्या उन्हाकडे तोंड केलं. "लई छान ऊब लागती बग," ती म्हणाली. मी कृतार्थ झाले.

तिने डेकची पूजा घातली. विभूती लावली, बेल वाहिला. नारळ डेकवरच फोडायचा तिचा हट्ट होता. नवऱ्याने तत्परतेने उखडलेली एक शहाबादी आणून मध्ये धरली. मी माझ्याकडून एक पाटी छापून, लॅमिनेट करून कठड्याला लावली: "पादत्राणे बाहेर काढावीत." झाडलं की झालं खरं, पण झाडावं लागू नये म्हणून.

मार्च आला. मग एप्रिल आला.

एका सकाळी दहाच्या सुमाराला अव्वाने डेकवर पाय ठेवला आणि लगेच आत घेतला. "शैले, खाली चूल पेटवलीस काय?"

नवरा म्हणाला, जरा बघतो. तो गेला, दोन पावलं टाकून आला, "तसं फार काही नाही," म्हणाला आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बादलीत उभा राहिला.

मी म्हटलं, अव्वा, चपला घाल. अव्वाने माझ्याच पाटीकडे बोट केलं. "पुजलेली जागा हाय. नारळ फोडलाय. तितं चपला घालून कोण फिरतं?" मी पाटी काढली. पण पूजा कशी काढणार?

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय पाण्याचा. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं. ते मी टाकीत भरून, टाकीतलं डेकवर ओतलं. डेकमधून वाफ निघाली आणि मी पाइप गुंडाळेपर्यंत तो कोरडा झाला. भांडी मात्र दोन दिवस तशीच राहिली. दुसरा उपाय चादरींचा. सोलापूरच्या घरात काहीही कमी पडेल, चादरी पडणार नाहीत. आहेरात आलेल्या, आहेरात द्यायला ठेवलेल्या, सगळ्या काढून मी डेकवर अंथरल्या. रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून डबलबेडची केवढ्याला म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत धूळ बसून त्या चादरी कोणत्या रंगाच्या होत्या तेही सांगता येईना. ज्या डेकला आयुष्यात पुसायची गरज नव्हती, त्याच्यापायी मी रोज सकाळी गोधड्यांएवढं धुणं बडवू लागले.

बसूला फोन केला. तो कानटोपी घालून बसला होता. "अक्का, इथं तर तो जरा तरी गरम व्हावा म्हणून आम्ही वाट बघतो गं," तो हताशपणे म्हणाला. त्याच्याकडून सहानुभूतीची अपेक्षाच चूक होती.

अव्वा परत आत, बंद टीव्हीसमोर. आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती कुरडईचा चीक घोटत होती. "जाण्याआधी करून ठेवते. पावसाळ्यात लागतील तुला," ती म्हणाली. जाण्याआधी! खुंटी रिकामी होती. पिशवी उंबऱ्याशी उभी होती. बोलण्यासारखं सगळं मी आधीच्या खेपांना बोलून संपवलं होतं. मी सोऱ्यात चीक भरला. अव्वा उंबऱ्यात बसून जागा दाखवत होती आणि डेक तापायच्या आत मी जुन्या लुगड्यावर डेकभर कुरडया घातल्या. सोऱ्याचं शेवटचं वेटोळं पडलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. चीक गरम असतो, वाफ लागते.

रिक्षावाल्याला अकराला बोलावलं होतं. उन्हामुळे तो चारला आला. तेवढ्यात अव्वाने सवयीने एक कुरडई उचलून बघितली. मग दुसरी. दोन कुरडया एकमेकींवर वाजवल्या तर बांगड्यांसारख्या खणखणल्या.

"अगं, ही वाळली की!"

"एवढ्यात?"

"दोन उन्हांचं काम गं हे. एका उन्हात झालं." तिने डेककडे, तो तापायला लागल्यापासून पहिल्यांदाच, मान देऊन बघितलं. मग तिच्या लक्षात आलं की मधल्या कुरडया तिच्या हाताला पोचत नाहीत, आणि आत्ताच काढल्या नाहीत तर कडक होऊन तुटतील. लुगडं ओढलं तर चुरा झाला असता, आणि पाय ठेवायची सोय नव्हती.

तेव्हा मला माळा आठवला. बसू दर खेपेला सगळ्यांसाठी लोकरीचे मोजे आणतो. सोलापुरात! त्यांचं एक गाठोडंच माळ्यावर पडून होतं, "कॅनडा – निरुपयोगी" अशी चिठ्ठी लावून. (अक्षर माझंच.) मी स्टूल घेऊन ते काढलं.

"लोकरीचे?" अव्वा म्हणाली. "ह्या उन्हात?"

"चपला नाहीत ना पण ते."

अव्वाने पाय पुढे केले. कपाळाला विभूती, अंगावर इरकली लुगडं आणि पायात सांबरांची नक्षी असलेले लाल मोजे, अशी माझी आई एप्रिलच्या उन्हात डेकवरून ऐटीत चालत गेली आणि मधल्या कुरडया घेऊन आली. समोरच्या शेख भाभी फाटकाशी उभ्या राहून हे बघत होत्या. त्या हसतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "अव्वा, मेरे सांडगे बी रखू क्या हितं?"

रिक्षावाल्याने कुरडई मोडून खाल्ली आणि गंभीरपणे विचारलं की बायकोचा चीक घरी तयार आहे, तो आणला तर चालेल का. अव्वा त्याला म्हणाली, "उद्या ये. मग बगू." दुसऱ्या दिवशी तो अव्वाला न्यायला आला तो बायको, सासू आणि पातेलं घेऊनच. त्यांना सोडून तो गेला. अव्वाला न्यायचं राहून गेलं.

मग कॉलनीतल्या बायका येऊ लागल्या. कुणाचे पापड, कुणाच्या शेवया, कुणाच्या मिरच्या. अव्वा उंबऱ्यात पाट टाकून बसायची आणि कुणाचं लुगडं कुठे पसरायचं ते सांगायची. कुणाची सून उठायला उशीर करते, कुणाच्या मुलाला अकलूजला नोकरी लागली, हे सगळं तिला माझ्याआधी कळू लागलं. मी या कॉलनीत पंधरा वर्षं राहते. निम्म्या बायकांची नावं मला त्या एप्रिलमध्ये समजली.

डेकवर जाताना सगळ्या घालायच्या त्या मोज्यांचा ढीग दाराशी नुसताच पडलेला असायचा. मला ते बघवेना. मी टोपली शोधत होते तेव्हा अव्वा आत गेली आणि तिची नायलॉनची पिशवी घेऊन आली.

"ही घे," ती म्हणाली. "रिकामीच हाय."

मी आत जाऊन कपाट उघडलं. खणात लुगडी होती. घड्या मी घालते तशा नव्हत्या. मी एकही सरळ केली नाही.

परवा मागच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई सांडग्याचं ताट घेऊन फाटकाशी आल्या. अव्वाने पाटावरूनच हाक मारली, "या की आत. उद्यापास्नं जरा लवकर या, आमच्या घरी दहानंतर जागा मिळत न्हाई."

मी "आमच्या घरी" पाशी अडकले होते, तोवर बाईंनी माझ्याकडे बघून दबक्या आवाजात विचारलं, "आणि या कोण?"

"ती व्हय?" अव्वा म्हणाली. "ती मोजे देती."

मी बाईंच्या पावलांकडे बघून मापाचा अंदाज घेतला आणि पिशवीतून सांबरांची जोडी काढून दिली.