लेडी सॉर्बींना पत्र

इंग्लंडात, यॉर्कशरातल्या बड्या घरांत पाहुण्याबरोबर आलेल्या नोकरालाही तळघरातल्या नोकरांच्या पंगतीत मालकाच्याच नावाने हाक मारीत आणि मालकाच्याच मानाने बसवीत. त्यामुळे लॉर्ड व्हेनहोमचे कपडे झाडणारा ॲम्ब्रोज टनिक्लिफ परघरी गेला की स्वतःच ‘लॉर्ड व्हेनहोम’ होई. शेजारी हमखास ‘लेडी सॉर्बी’ असे, म्हणजे सॉर्बीबाईंची वेणीफणी करणारी दासी. खरं नाव विचारणं रीतीत बसत नव्हतं, आणि ॲम्ब्रोज म्हणजे रीतीचा पुतळा.

मालकाच्या कपाटातलं शब्दांच्या मुळांचं पुस्तक तो चोरून वाची. भेट झाली की ती विचारी, “काय हो लॉर्डसाहेब, आज कुणाची अब्रू काढणार?”

“मार्शलची. मूळचा घोड्यांचा नोकर!”

“अगंबाई! आणि नाइट?”

“पोरगा. हरकाम्या.”

“म्हणजे सगळे आपल्यातलेच की!”

एकदा तो म्हणाला, “लॉर्ड म्हणजे जुन्या भाषेत पाव राखणारा. आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी.”

ती हसली, मग हळूच म्हणाली, “म्हणजे चूल एकच म्हणायची.”

ॲम्ब्रोजने मिठाची वाटी पुढे सरकवली. गाढवपणाच तो, दुसरं काय! त्यानंतर तिने शब्द विचारले नाहीत.

मालक वारल्यावर तो व्हिटबी गावात एका खोलीत राहू लागला. स्वतःपुरता चहा, आणि बोलायला भिंती. बारा वर्षं घशात अडकलेलं उत्तर त्याने अखेर लिहिलं: ‘चूल एकच, तुमची इच्छा असेल तर.’ खाली खऱ्या नावाने सही केली, पुढे ‘लॉर्ड व्हेनहोमचा नोकर’ असं जोडलं, आणि पाकिटावर सवयीने लिहिलं, ‘लेडी सॉर्बी’.

पत्र अर्थातच खऱ्या लेडी सॉर्बींनी फोडलं. दहा दिवसांनी त्यांच्याच हातचं उत्तर आलं.

‘तुम्हाला हवी होती ती हेस्टर पास्क. गेल्या फेब्रुवारीत ती न्यूमोनियाने गेली. लग्न केलं नव्हतं. एकदा तिने मला गळ घातली होती, लॉर्ड व्हेनहोमना त्यांच्या माणसाचं खरं नाव विचारा म्हणून. नोकरांची नावं विचारत बसणं मला कमीपणाचं वाटलं. तुमची सही वाचून ते नाव मला आता कळलं.’