ऐन-लोझचा तन्नूस

तन्नूस शाहीन गवंडी होता. त्याने हाती घेतलेलं पहिलं मोठं काम म्हणजे एक लांबलचक बांध होता. तो त्याने स्वतःच्या गावाच्या दगडांनी बांधला आणि बांधला तो परक्यांसाठी. याबद्दल त्याच्या बापाने त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही.

ऐन-लोझ हे गाव गलिलीच्या वरच्या अंगाला होतं, लेबनॉनच्या हद्दीला अगदी खेटून. घरं थोडी, सगळी ख्रिस्ती अरबांची, आणि डोंगरउतारावर जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं. अठ्ठेचाळीस सालच्या लढाईत नव्या इस्रायलचं लष्कर गावात आलं तेव्हा तन्नूसला नुकती मिसरूड फुटत होती. गावातल्या कुणी बंदूक उचलली नाही. पाद्रीबाबा भाकरी आणि मीठ घेऊन सामोरे गेले. अधिकारीही नीट बोलला. म्हणाला, "हद्द जवळ आहे, इथे गोळीबार होईल. पंधरवडाभर खाली रामे गावात राहा. मग आम्हीच आणून सोडू."

जैतुनाची झोडणी, काठ्यांनी फळं पाडायचं काम, चालू होती. तन्नूसचा बाप युसेफ निम्मी झाडं तशीच सोडून निघाला. बायकोने अंथरुणं बरोबर घ्यायचं म्हटलं, तर तिच्यावरच खेकसला, "पंधरा दिवसांसाठी कुणी संसार पाठीवर घेतं का?"

पंधरवडा गेला, हिवाळा गेला, वर्षं गेली. रामेत एका ओळखीच्या घराच्या तळमजल्यावर, जिथे आधी बकऱ्या असायच्या, तिथे शाहीन कुटुंब राहिलं. गावकऱ्यांनी कोर्टाचा दरवाजा ठोठावला, आणि नवल म्हणजे कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बायकांनी रामेच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. युसेफने कुऱ्हाडीला धार लावून ठेवली, झाडं छाटायची राहिली होती ना. पण परतायचा दिवस उजाडायच्या आत, एका गार सकाळी, डोंगरापलीकडून धडाके ऐकू आले. सगळे समोरच्या टेकडीवर धावले. लष्कराने सुरुंग लावून एकेक घर उडवलं. चर्च आणि त्याच्यामागचं कबरस्तान तेवढं ठेवलं. युसेफ शेवटपर्यंत बघत उभा राहिला. मग म्हणाला, "चला, भूक लागलीय." घरी आल्यावर मात्र त्याने घास तोंडात घातला नाही.

पुढे गावाच्या जमिनीवर नवी वसाहत उभी राहू लागली. ऐन-लोझ म्हणजे बदामाचा झरा. वसाहतीचं नाव पडलं गिव्हत-शकेद, म्हणजे बदामाची टेकडी. फक्त हिब्रूत. तेव्हा अरबांवर लष्करी अंमल होता, रामेच्या बाहेर पाऊल टाकायचं तर परवाना लागे, आणि तन्नूसला परवाना मिळाला तो नेमका याच वसाहतीच्या कामासाठी. दुसरं काम नव्हतं. घरात आजारी आई, दोन धाकट्या बहिणी. तो गेला.

मुकादमाने दाखवलं तिथे दगडांचा ढीग होता. पडक्या घरांचेच दगड. घरांभोवती उतारावर बांध घालायचा होता. पहिल्या दिवशी तन्नूसने एक दगड उचलला तर त्याच्या एका अंगाला निळा रंग. दृष्ट लागू नये म्हणून गावात दाराच्या चौकटीभोवती असा रंग देत. कुणाचं दार, ते काही कळेना. त्याने दगड उलटा फिरवला, रंग मातीकडे केला आणि बसवून टाकला.

संध्याकाळी तो भाकरी घेऊन घरी आला. बापाने विचारलं, "कुठली?"

"कामाची."

"कसलं काम?"

तन्नूसने भाकरी आईपुढे ठेवली. बापाला आधीच कळलं होतं. तो उठला, कोट चढवला आणि रामेतच असलेल्या आपल्या बहिणीकडे जेवायला गेला. त्या दिवसापासून तो रोज तिकडेच जेवला. मुलाशी बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर बायकोला सांगायचा, "त्या गवंड्याला म्हणावं, छप्पर गळतंय."

वसाहतीत राहायला आलेले ज्यू इराकचे. त्यातला हेस्केल तन्नूसच्या वयाचा. बसऱ्यात त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं. सगळं कुटुंब इराकमधून हुसकावून एका पेटीनिशी विमानात बसवून दिलेले, इकडे आल्यावर दोन हिवाळे तंबूत काढलेले, आणि मग एका ट्रकमधून या डोंगरावर आणून उतरवलेले. शेतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तन्नूसने पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा तो जैतुनाच्या झाडाला बादलीने पाणी घालत होता.

"अरे शहाण्या, बुडवशील त्याला," तन्नूस अरबीत ओरडला.

हेस्केलने वर पाहिलं. चेहरा असा उजळला जणू घरचं माणूस भेटलं. "पुन्हा बोल," तो म्हणाला. "काहीही बोल. शिव्या दे वाटल्यास. इथले अधिकारी माझ्याशी मी पोलंडहून आल्यासारखे बोलतात, अरबी तोंडातून काढू देत नाहीत."

तन्नूसला हसू आलं. मग दुपारी दोघं एकत्र जेवू लागले. हेस्केलची बायको सबीहा वांगी तळून वर आंबट लोणचं घालून द्यायची. तन्नूसने त्याला छाटणी शिकवली, कोणतं झाड एक वर्ष सोडून फळतं ते सांगितलं. ती झाडं आपल्या बापाची, हे त्याने सांगितलं नाही. हेस्केलनेही विचारलं नाही. त्याला ठाऊक नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. चर्च तर समोरच उभं होतं.

युसेफ गेला तेव्हा तन्नूस पंचविशीत होता. शेवटच्या दुखण्यात बाप त्याच्याकडे बघायचा, ओठ हलवायचा, पण शब्द काही फुटला नाही. ऐन-लोझला पुरायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. रामेतल्या एका कुटुंबाने आपलं तळघर-थडगं उघडून दिलं. आम्हा गलिलीच्या ख्रिस्त्यांकडे कुटुंबागणिक असं एकच थडगं असतं. नवं माणूस आत ठेवायचं झालं की जुन्यांची हाडं कोपऱ्यात सारतात. युसेफ तिथे निजला, पाहुणा म्हणून. मरतानाही दुसऱ्याच्या दारात.

बाप जिवंत असतानाच, विसाव्या वर्षी, तन्नूसने मिलियाशी लग्न केलं होतं. ती ऐन-लोझचीच. त्यांना एकच मुलगी, नुहाद. ती कॉलेजात शिकत असतानाच, बहात्तर साली, गावाचा प्रश्न एकदम पेटला. वर्तमानपत्रांत रोज ऐन-लोझ. हैफा, तेल अवीवहून ज्यू प्राध्यापक, विद्यार्थी बसमधून येऊन पडक्या गावात बसले, आमच्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून. तन्नूस तिथे पाण्याचे माठ भरत होता. एक पिकल्या केसांची ज्यू बाई त्याला म्हणाली, "मी झायोनिस्टच आहे हं, ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणारी, लपवत नाही. छळातून निसटलेल्या माझ्या माणसांना हक्काचं छप्पर हवं म्हणून मी इथे आले. तुमचं छप्पर काढा असं कुणाला सांगायला नव्हते आले."

नुहाद जवळच होती. ती फटकन म्हणाली, "बाई, एकाच समाजासाठी देश म्हटल्यावर दुसऱ्याचं छप्पर जाणारच. तुम्हाला ते आज दिसलं."

"नुहाद," तन्नूस म्हणाला, "बाईंना पाणी दे आधी."

घरी येताना मुलगी फणकारली. "बाबा, तुम्ही सगळ्यांपुढे हात जोडता. आपण भीक नाही मागत, हक्क मागतोय."

"मला झोपायला माझी जागा हवीय, पोरी. मागण्याला नाव काहीही दे."

सरकारने म्हटलं, शेजारच्या वसाहतींचंही मत घेऊ. गिव्हत-शकेदच्या सभागृहात बैठक झाली. तन्नूसला खात्री होती, हेस्केल आपल्या बाजूने बोलेल. निदान गप्प तरी बसेल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की पहिला उठला तो हेस्केलच. आणि नाही म्हणाला.

तन्नूस तडक त्याच्याकडे गेला. हेस्केल कोंबड्यांच्या खुराड्यात होता.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"का रे?"

हेस्केलने हातातलं दाणे भरलेलं टमरेल खाली ठेवलं. "आज तुम्ही याल. उद्या दुसरं गाव येईल, परवा लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावण्या. मग मी कुठे जाऊ? बसऱ्याला? बसऱ्यात माझ्या बापाच्या घरात कोण राहतं, मला ठाऊक नाही. मला कुणी विचारलं का, हेस्केल, परत यायचंय का म्हणून?"

"तुझं घर मी घेतलं होतं?"

"नाही."

"मग माझ्याकडून का वसूल करतोस?"

हेस्केलने टमरेल पुन्हा उचललं. तो म्हणाला, "मला भीती वाटते, तन्नूस. मुलगा सैन्यात आहे. मला रोज भीती वाटते."

"आणि मला वाटायचं, तू माझा मित्र आहेस," तन्नूस म्हणाला आणि निघून आला. पुन्हा त्या वसाहतीत त्याने कामाला पाऊल ठेवलं नाही.

परतण्याची परवानगी सरकारने नाकारली. एवढंच झालं की मेलेल्यांना गावच्या कबरस्तानात पुरू देऊ लागले. जिवंतपणी नाही, मेल्यावर चालेल. मिलिया ते ऐकून इतकी हसली की शेवटी तिला रडू फुटलं.

पुढच्याच शरदात इजिप्तशी युद्ध पेटलं. हेस्केलचा मुलगा गादी सुएझ कालव्याच्या काठावर मारला गेला. बातमी रामेपर्यंत आली तेव्हा मिलिया वांगी सोलत होती. तन्नूस कोट घालू लागला.

"कुठे?" ती म्हणाली.

"हेस्केलकडे."

"त्याने सभेत काय केलं ते विसरलास?"

"विसरलो नाही. गादीला मी खांद्यावर घेऊन जैतून तोडू दिलेत. जायला हवं."

वसाहतीत सात दिवसांचं सुतक चालू होतं. ज्यू रीतीप्रमाणे आरसे झाकलेले, घरचे लोक बुटक्या स्टुलांवर बसलेले. तन्नूस दारात दिसला तसे सगळे त्याच्याकडे वळले. कुणीतरी कुजबुजलंही, अरब इथे आत्ता कशाला. हेस्केल उठू लागला, पण सुतकात घरच्यांनी कुणासाठी उठायचं नसतं, म्हणून सबीहाने त्याला दाबून बसवलं. तन्नूसच त्याच्यासमोर जमिनीवर बसला.  मग हेस्केल बसऱ्याच्या बोलीत, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "घर राखायचं म्हणून मी तुला नाही म्हणालो. बघ काय राखलं."

"आज ते नको," तन्नूस म्हणाला.

"तुझ्या बापाची झाडं होती ना ती?"

"हो."

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

तन्नूसने मान हलवली. रागावण्याइतकं त्राण त्याच्या अंगात उरलं नव्हतं. ते पुन्हा मित्र झाले असं काही नाही. रस्त्यात भेटले तर थांबायचे, तब्येत विचारायचे, एवढंच. हेस्केलने सभेत पुन्हा उठून आपलं मत बदललं, असंही कधी झालं नाही.

मिलिया तन्नूसच्या आधी गेली. तिला ऐन-लोझच्या कबरस्तानात नेलं. शाहीनांचं जुनं थडगं इतक्या वर्षांनी उघडलं, आत तन्नूसचे आजा-आजी होते. तिला तिथे ठेवल्यावर तन्नूसला एकच ध्यास लागला, बापाला इथे आणायचं. न बोललेला बाप निदान घरी तरी यावा. सरकारात कुणाला न विचारता आणू, तो म्हणाला, हाडं पिशवीत मावतात, नाक्यावर कोण बघतंय.

रामेच्या त्या कुटुंबाने नकार दिला नाही. पाद्री आले, नुहाद हैफाहून आली. झाकणाचा दगड सरकवला, तन्नूस दिवा घेऊन खाली उतरला. बराच वेळ तो वर आला नाही. नुहादने आत डोकावून हाक मारली, "बाबा?"

कोपऱ्यात हाडांचा ढीग होता. युसेफच्या नंतर त्या घरातली कितीतरी माणसं तिथे आली होती आणि प्रत्येक वेळी जुन्यांना बाजूला सारलं होतं. कुणाचा हात, कुणाची कवटी, काही ओळखण्याजोगं उरलं नव्हतं. तन्नूस गुडघ्यांवर बसला होता. दगड हातात घेतल्यावर तो कुठल्या खाणीतला ते सांगणारा हा माणूस, स्वतःचा बाप त्याला सापडेना.

"कुठलंही एक घेऊ या का, बाबा?" नुहादने हळूच विचारलं. "मनातल्या मनात आजोबा समजून."

"आणि दुसऱ्याच कुणाला त्याच्या घरातून उचलून नेलं तर?" तो म्हणाला. "नको. ते काम आपल्याकडून नको."

त्याने दिवा तिच्या हाती दिला आणि तो वर आला. झाकण पुन्हा बसवताना चुना त्यानेच कालवला. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, ती खाली असलेल्या सगळ्यांसाठी म्हटली.

त्यानंतर तन्नूस सात-आठ वर्षं जगला. दर रविवारी नुहादचा नवरा त्याला गाडीने ऐन-लोझला नेई. तो मिलियाशेजारी बसे, गवत उपटे. संध्याकाळी पहारेकरी येऊन म्हणे, "आजोबा, आता निघा, इथे राहायला परवानगी नाही." आणि तो उठे. एका उन्हाळ्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. ऐन-लोझच्या चर्चच्या पायरीशी लोकांनी त्याला खांद्यावरून उतरवलं तेव्हा सबीहा आली होती, एकटीच, काळा रुमाल बांधून. हेस्केलला आता माणसं ओळखू येत नव्हती. तिने नुहादच्या हातातला कडू कॉफीचा पेला घेतला, उभ्याउभ्याच प्यायली, आणि विचारलं, "त्याच्या बापाच्या शेजारी ठेवणार का त्याला?"

"नाही," नुहाद म्हणाली. "आजोबा रामेला आहेत."