छातीतले बिऱ्हाडकरू

माझी नात सुमी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. माझ्या न्यूमोनियाचे जंतू तिथं बशीत वाढवले होते, त्याचा फोटो तिनं मला मोबाईलवर दाखवला. बशीत वेगवेगळ्या औषधांच्या पांढऱ्या टिकल्या होत्या. जंतू मेल्यामुळं बाकी प्रत्येकीभोवती मोकळं रिंगण पडलेलं. एकीला मात्र ते अगदी खेटून बसले होते. नेमकं माझं नेहमीचं औषध!

"आबा, बरं वाटलं की तुम्ही गोळ्या अर्ध्यावर सोडता. मग चिवट जंतू तेवढे उरतात. औषध त्यांच्या आत शिरलं, की उचलून बाहेर टाकतात. हुशार आहेत हो!"

माझा जळफळाट झाला. मीही शाळा तिसरीत अर्ध्यावर सोडली, मला कुणी हुशार म्हटलं नाही. हे माझ्याच छातीत राहून शहाणे झाले. कौतुक शिकणाऱ्याचं होतं, ज्याच्या घरी राहून शिकला त्याचं कुठं होतं?

"नव्या गोळ्या सात दिवस घ्यायच्या. सगळ्या घ्याल ना?"

"मग काय, त्यांना आणखी एक इयत्ता चढवू?"

आज सातवा दिवस. खोकला केव्हाच थांबलाय. शेवटची गोळी मी जिभेवर ठेवली, आणि सुमीनं मोबाईल खाली ठेवून माझ्याकडं बघेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही.